नाव न घातलेलं गाणं

गाऊन पोट भरणारा माणूस तुमच्या दारात आला, तर तुम्ही आधी त्याचं गाणं ऐकता, की पिठाच्या डब्याकडे हात नेता?

मी तीन हिवाळे आठवडी बाजारांतून गात फिरलो. मेहकरच्या पहिल्याच बाजारात एका बाईनं माझ्या डफात ओंजळभर ज्वारीचं पीठ टाकलं.

"मावशी, मी मागून नाही राह्यलो," मी म्हणालो. "मी गाऊन राह्यलो."

"गाऊनच तं मांगतेत रे लेका," ती म्हणाली आणि मिरच्यांकडे वळली.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. माझे वडील मेहकरात एका छोट्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत. अक्षरं मी पाटीवर शिकलो नाही, त्या खिळ्यांवर उलटी शिकलो. मुंबईसकट महाराष्ट्र पाहिजे म्हणणारी पत्रकं आमच्याकडे छापली जात आणि विदर्भ वेगळा करा म्हणणारीही त्याच यंत्रावर निघत. रद्दी झालेली सगळी पत्रकं मी वाचायचो. त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. ज्या पत्रकाच्या खाली मोठ्या अक्षरात नाव असतं, ते त्या नावासाठीच लिहिलेलं असतं. खरं बोलणाऱ्याला नावाची गरज नसते.

म्हणून मी गाणी रचू लागलो तेव्हा त्यात नाव घातलं नाही. आमच्या भागात ही साधी गोष्ट नव्हती. इथे गाण्याचं शेवटचं कडवं रचणाऱ्याच्या नावाचं असतं. 'अमुक शाहीर म्हणे' असं आलं की लोक माना हलवतात, तोवर गाणं संपलं असं कोणी मानत नाही. माझी गाणी तिसऱ्या कडव्यावर थांबायची. ती देवाची नव्हती, लावणी नव्हती, निवडणुकीची तर नव्हतीच. एका जमीनदार पुढाऱ्यानं प्रचारासाठी गाणी मागितली, मी नाही म्हटलं. एका शाहिरी मंडळानं त्यांच्या गाणाऱ्या पार्टीत ये म्हटलं, तिथेही नाही म्हटलं. जे माझ्या छातीत आहे तेच गाईन, कुणाच्या गाडीत बसून गाणार नाही, असं ठरवलं होतं.

गाडी एसटीची. सोबतीला मेहकरचे कल्हईवाले चाचा. ते बाजारोबाजार फिरून भांड्यांना कल्हई लावत. ज्या गावाचा बाजार, त्या गावी आम्ही. सकाळी ते भाता चालवत, मी पाणी आणून देई. दुपारी भांडी संपली की ते राखेचे हात धुऊन ढोलकी ओढत. पातेल्याच्या पोटात कापडाचा बोळा फिरवताना त्यांचा हात जसा चाले, तसाच ढोलकीवर चालायचा. माझ्या बऱ्याच चाली त्या हातावरून आल्या आहेत. गाणं झालं की मी चार पानी पत्रक विकायचो. मजकूर मी रात्रभर जागून नाही, छापखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत जुळवलेला असायचा.

"यात तुहं नाव कुठं हाय बे?" पहिलं पत्रक उलटसुलट करून चाचांनी विचारलं होतं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण नाव कुठं असतं ते माहीत होतं.

"नाही टाकलं, चाचा. गाणं लोकायचं असते."

"लोक घेऊन जातीन मंग. तवा रडू नको."

मी हसलो होतो.

माझ्या सगळ्या गाण्यांत एकच गाणं खरं होतं. ते माझ्या मायचं. ती सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या जिनात कामाला होती. संध्याकाळी घरी आली की तिच्या भुवयांवर, पापण्यांवर रुई बसलेली असायची. आम्ही लहानपणी तिला म्हातारी म्हणून चिडवायचो आणि ती हसायची. मग ती खोकू लागली. शेवटच्या वर्षी खोकताना तिला पदर तोंडावर धरायचंही बळ उरलं नव्हतं. ती गेली त्यानंतर महिनाभरानं गाणं आलं:

*माय माही जिनात गेली*
*रुई होऊन घरी आली*

हे गाणं मी लोणारच्या बाजारात गायलो तेव्हा बांगड्या भरणाऱ्या बाईनं गिऱ्हाइकाचा हात धरूनच ठेवला. पत्रकं तिथल्या तिथे संपली. पुढच्या खेपेला तळ्याच्या वाटेनं जाताना कापूस वेचणाऱ्या बायका तेच गाणं म्हणत होत्या. मी बांधावर बसून राहिलो. ही कुणाची माय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला ते बरोबर वाटलं. माझं तत्त्व जिंकलं, असं मला त्या दिवशी वाटलं.

तिसऱ्या हिवाळ्यात वडिलांची नजर अधू झाली. खिळा ते बोटांनी चाचपून ओळखू लागले. मालक टोचून बोलू लागला होता.

"हा हिवाळा फिर," वडील म्हणाले. "कोणी तुले बोलावणं धाडून, मानानं बसवून गाऊ दिलं, तं तुह्या वाटंनं जाय. नाही तं माह्या जागी खिळ्यांच्या केससमोर येऊन उभा राह्य."

आणि बोलावणं आलं. जानेफळच्या लोकांनी श्रमदान करून शाळेची नवी खोली बांधली होती. तिथल्या एका गुरुजींनी मला बाजारात ऐकलं होतं. दुपारी कार्यक्रम, भोंगा, सतरंजी, आसपासच्या चार गावांचे पाहुणे. गुरुजी म्हणाले, "इथं जमलं की त्या चार गावांत मीच तुमच्याबद्दल सांगतो." आयुष्यात पहिल्यांदा मी जमिनीपेक्षा उंच जागी बसून गाणार होतो. चाचांनी इस्त्रीचा सदरा घातला. एसटीत त्यांनी ढोलकी मांडीवरून खाली ठेवली नाही.

दोन गाणी चांगली झाली. तिसरं मायचं घेतलं. पहिल्या ओळीलाच लोकांत कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, गाणं माझ्या आधी पोचलं. खरंच पोचलं होतं. तिसरं कडवं संपवून मी डफ खाली ठेवला, तर पुढच्या रांगेतले एक पटकेवाले आजोबा उठले.

"थांबला काऊन बे? शेवटचं म्हण ना."

"आजोबा, एवढंच हाय."

"एवढंच कसं? मागच्या महिन्यात जालन्याकडची पार्टी आली होती, त्यायनं चार कडवे म्हटले. चौथ्यात त्या शाहिराचं नाव हाय. ते काऊन गिळलं?"

मागून कुणीतरी ओरडलं, "नाव गिळलं, गाणं ठेवलं! पोट्टं हुशार हाय!"

हशा झाला. भोंग्यातून तो हशा शाळेच्या भिंतीपर्यंत गेला.

मी पत्रक काढून दाखवलं. म्हणालो, हे बघा, मीच रचलं, मीच छापलं. एका माणसानं ते हातात घेतलं, शेवटच्या ओळीपर्यंत बोट नेलं. "इथं छापखान्याचं नाव हाय. तुहं नाही. छापलं म्हंजे रचलं काय?"

"मी नाव टाकत नसतो. तत्त्व हाय माहं."

"तत्त्व!" आजोबा बसता बसता म्हणाले. "आपलं लेकरू कोणी असं बिननावाचं सोडते काय?"

चाचा ढोलकी सोडून उभे राहिले. "मी सांगतो ना! याची माय मले ठाऊक होती. तिचे भांडे मी..."

"तू तं त्याचाच साथीदार, चाचा. तू दुसरं काय सांगशीन?"

आणि मग मी ते केलं, ज्याची लाज अजून जात नाही. मी डफ उचलला आणि चौथं कडवं तिथल्या तिथे रचू लागलो. माझं नाव त्यात घालू लागलो. मात्रा बसेना. आवाज वर चढला आणि फुटला. मायच्या गाण्याच्या शेवटी मी माझं नाव कोंबत होतो, आणि लोक माझ्याकडे बघत होते.

"जुळवून राह्यला पाह्य!" कुणीतरी म्हणालं. या वेळी फार कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं.

गुरुजी जवळ आले. "तुम्ही थोडं बसा. भजनी मंडळ तयार आहे." चार गावांबद्दल ते पुन्हा काही बोलले नाहीत.

वडील म्हणाले होते तसा मी छापखान्यात केससमोर उभा राहिलो. वडील आता शेजारी स्टुलावर बसून असतात, कधी कधी खिळा हातात घेऊन नुसता फिरवतात. चाचा बाजारात जाताना दारावरून हाक मारत. मी मान वर करत नसे. मग त्यांनी हाक मारणं सोडलं.

गेल्या महिन्यात त्या जालन्याकडच्या पार्टीचा शाहीर आमच्याच छापखान्यात आला. त्याला गाण्यांचं पुस्तक छापायचं होतं. माणूस वाईट नव्हता. पान खात होता, वडिलांना वाकून रामराम केला. हस्तलिखितात सहावं गाणं मायचं होतं.

"हे माझं आहे," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "असंल, भाऊ. लोणारच्या बाजारातून कागद आला, त्यावर रचणाऱ्याचं नाव नव्हतं. बेवारस दिसलं, घरात घेतलं. माह्या नावानं ते पन्नास गावांत गेलं. तुह्या नावानं गेलं असतं काय? खरं सांग."

मी वडिलांकडे पाहिलं.

मालक आत बसला होता. वडील म्हणाले, "जुळव. कागदावर जे हाय तेच. आपण दुसऱ्याचा मजकूर बदलत नसतो." हेही आमच्या घरातलं तत्त्वच. मी जुळवलं. माय, जिन, रुई, एकेक खिळा उलटा. तीन कडवी झाली. मग चौथं. त्याच्या नावाचा पहिला खिळा उचलायला मला किती वेळ लागला ते मला सांगता येत नाही. वडिलांनी विचारलं, "झालं काय?" मी हो म्हणालो.

ते पुस्तक आता बाजारांत विकलं जात आहे. तुमच्या गावातही येईल, कदाचित आलंही असेल. ते फाडू नका, त्या शाहिराला शिव्या देऊ नका, आणि माझं नाव शोधू नका. एक करा. सहावं गाणं म्हणाल तेव्हा तिसऱ्या कडव्यानंतर थांबा. लोक विचारतील, पुढचं काऊन गिळलं. त्यांना सांगा की हे मेहकरच्या जिनात खोकून मेलेल्या एका बाईचं आहे, आणि ते इथंच संपतं.