चंद्रावरचं सांडपाणी

आमच्या शेजारच्या भाऊजींची उभी नोकरी गटारखात्यात गेली. मॅनहोलच्या तोंडाशी उभं राहायचं आणि आत काय दिसतं ते लिहून घ्यायचं. संध्याकाळी घरी आले की वहिनी दारातच बादली पुढे करायच्या. "आधी अंघोळ, मग संसार!" मी भिंतीला कान लावत नाही बरं का; भिंतच पातळ आहे.

मग सरकारने राष्ट्रीय अवकाश धोरणासाठी सल्लागार मंडळ नेमलं आणि कारकून म्हणून नेमके भाऊजींना तिकडे धाडलं. वहिनींनी जिन्यातच जाहीर केलं, "गटारातून थेट आभाळात!" भाऊजी कडक इस्त्रीत, मान वर करून चालायला लागले. माझ्या कुंड्यांना अडखळले ते वेगळंच.

मंडळात सगळे थोर विद्वान. पहिली बैठक आभाळ गच्चीपासून सुरू होतं की ढगांपासून, यातच संपली. पण पुढे अहवाल होत आला, तसे भाऊजी हबकले. अहवाल गेला की मंडळ बरखास्त आणि आपण परत मॅनहोलपाशी!

"काहीतरी करा हो," वहिनी कळवळल्या, "मी बादली भंगारात दिलीय!"

भाऊजींनी शक्कल लढवली. विद्वानांपुढे न सुटणारा प्रश्न टाकायचा, म्हणजे बसतील चघळत. पण जन्मभर जे पाहिलं तेच तोंडी येणार ना! चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाले, "साहेब, चंद्रावर वस्ती झाली तर सांडपाणी कुठे जाणार?"

अध्यक्षांनी कप तसाच बाजूला सारला. "अरेच्चा!" मग काय, उतार कुठल्या बाजूला द्यायचा यावर दोन प्राध्यापकांची अशी जुंपली, की एकाने खडूने टेबलावरच पाइप काढले. भाऊजी खूश. आता वर्षभर बघायला नको!

मंत्र्यांनी मात्र बैठकीचं इतिवृत्त वाचलं नि कपाळाला हात लावला. "अहो, हा तर गटारखात्याचा विषय!" झालं. मंडळ गुंडाळलं आणि विषयासकट भाऊजींची पाठवणी जुन्या खात्यात.

वहिनींनी दार अडवून अबोला धरला. शेवटी मीच मध्ये तोंड घातलं, "भाऊजी, पण आता काम काय दिलंय?"

"चांद्र सांडपाणी कक्ष," ते पुटपुटले. "मी एकटाच आहे. तिकडे वस्ती होईपर्यंत पाहणी नाही."

वहिनींना वाचा फुटली. "म्हणजे मॅनहोल नाही?"

"चंद्रावर अजून एकही नाही."

वहिनींनी त्यांची कॉलर हुंगली. खात्रीसाठी पुन्हा हुंगली.

"या आत," त्या म्हणाल्या. "पण चपला बाहेरच. सरकारचा काही भरवसा नाही."