आमचं कुटुंब शाईनं लिहिणाऱ्या निर्मलाताई

निर्मलाताई खांबेटे यांच्याशी माझी ओळख झाली तीच मी त्यांच्याशी खोटं बोललो म्हणून. त्यांच्या अमृतमहोत्सवी अंकात असलं काही लिहू नये, असं एका ज्येष्ठ स्नेह्यांनी सुचवलं. पण ताईंना खोटी स्तुती खपत नाही, तेव्हा माझ्या खोट्यापासूनच सुरुवात केलेली बरी.

मी पुण्याचा श्रीपाद, गुरुग्रामच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. फ्रान्सिस वसईचा, केंद्र सरकारच्या एका खात्यात. दिल्लीतल्या मयूर विहारमधला फ्लॅट त्याच्या नावावर. आम्ही तिथे राहायला आलो त्याच आठवड्यात, रविवारी सकाळी ताई दारात उभ्या राहिल्या. त्या तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरी होत्या आणि रहिवाशांचं रजिस्टर स्वतः घरोघर जाऊन भरायच्या. आमच्याशी मराठीत बोलायला मिळतंय म्हणून खुशीत होत्या. ‘तुमचं दोघांचं नातं काय?’ त्यांनी विचारलं आणि मी घाईघाईनं म्हणालो, ‘चुलत भाऊ.’

ताईंनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘एक फ्रान्सिस, एक श्रीपाद, आणि चुलत भाऊ! अच्छा. मग आजोबा चर्चमध्ये जायचे की पर्वतीवर?’

फ्रान्सिस खो खो हसत सुटला आणि मला दरदरून घाम फुटला. ताई मात्र नात्याचा रकाना तसाच सोडून सरळ आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या. एक शेगडी, एक कुकर, फळीवर माझ्या आईचा गोडा मसाला आणि त्याला खेटून त्याच्या आईचा बाटली मसाला. ‘जेवण एकत्रच ना?’ एवढंच त्यांनी विचारलं, शेऱ्यात काहीतरी लिहिलं, चहा घेतला आणि गेल्या.

आधी स्वयंपाकघर पाहायची ही त्यांची सवय कुठून आली ते पुढे समजलं. ताईंची सारी नोकरी शिरगणतीच्या कामात गेली. गणनेसाठी निघालेल्या शेकडो शिक्षकांना आणि कारकुनांना त्यांनी शिकवलं की एका छपराखाली राहतात म्हणून कुटुंब होत नाही. एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरात जेवतात ते कुटुंब. सख्खे भाऊ वेगळे शिजवत असतील तर कुटुंबं दोन, आणि रक्ताचं नातं नसलेली माणसं एका पातेल्यातलं जेवत असतील तर एक. सरकारी व्याख्या इतक्या मनापासून जगणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

निवृत्तीनंतर ताईंच्या जेवणाच्या टेबलाचं रविवारचं कार्यालय झालं. विधवा पेन्शन, रेशनकार्ड, दवाखान्याचं कार्ड, जे अडलं असेल ते घेऊन लोक येतात. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या सरोजचं रेशनकार्डातलं नाव नवऱ्यानं परस्पर कमी केलं, तेव्हा ताई तिला घेऊन तीनदा रेशनच्या कचेरीत गेल्या. तिसऱ्या खेपेला खिडकीवरच्या बाबूला म्हणाल्या, ‘भैया, नियम दिखा दीजिए, मैं चली जाऊँगी।’ नियम काही सापडेना. सरोजला कार्ड मिळालं आणि ताईंनी बाबूचे आभारही मानले. काम झालं की राग धरायचा नाही, हे त्यांचं तत्त्व मला अजून जमलेलं नाही.

आमच्याबद्दल ताईंनी कधी भाषण दिलं नाही. एकदा मीच धीर करून सगळं सांगितलं, तर म्हणाल्या, ‘श्रीपाद, मला तुमचं सगळं कळतं असं नाही हं. आमच्या वेळी असं कोणी बोलायचंच नाही. पण गणनेला गेल्यावर समोरचं माणूस आपल्याला कळलं नाही म्हणून वगळता येत नाही.’ आणि लगेच विचारलं, ‘फ्रान्सिसला पुरणपोळी आवडते का?’

नऊ वर्षं अशी गेली. मग नव्या कमिटीनं नोटीस लावली: मालकाच्या कुटुंबाबाहेरचा जो कोणी फ्लॅटमध्ये राहतो तो भाडेकरू, त्यानं भाडेकरूचा फॉर्म भरून पोलीस पडताळणी करून घ्यावी, नाहीतर महिनाअखेर जागा सोडावी. तोवर कायद्यानं आम्हांला गुन्हेगार मानणं थांबवलं होतं, पण विवाहाचा दाखला काही आमच्यासाठी नव्हता. ‘भर ना यार,’ फ्रान्सिस म्हणाला, ‘कागदच तर आहे.’ मी नाही म्हणालो. ज्या घराच्या भिंतींचा रंग मी निवडला, जिथे त्याच्या डेंग्यूच्या तापात मी पट्ट्या बदलत बसलो, तिथे मी भाडेकरू असल्याची सही मला करायची नव्हती. त्या आठवड्यात आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. घर सोडावं लागेल याच्याइतकीच भीती मला याची वाटत होती की सही करून राहिलो तर ते घर माझं वाटायचं थांबेल.

मी ताईंकडे गेलो. तेव्हा त्या सेक्रेटरी नव्हत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘सभेला दोघंही या. शेजारी-शेजारी बसा.’

वार्षिक सभेत आमचा विषय निघाला तसा एक गृहस्थ उठले. ‘यह फैमिली सोसायटी है। बच्चों पर क्या असर पड़ेगा?’

ताई उभ्या राहिल्या. ‘आपके दोनों बच्चे गणित किससे पढ़ते हैं?’ गृहस्थ खाली बसले, कारण ती मुलं दर शनिवारी माझ्याकडेच येत. मग ताईंनी जुनं रजिस्टर मागवलं आणि आमचं पान उघडून वाचलं: ‘रसोई एक, परिवार एक।’ अध्यक्षांनी वाकून पाहिलं. ‘मैडम, यह तो पेंसिल से लिखा है। इसका क्या मतलब?’

सभेत हशा पिकला. ताईंचा चेहरा उतरला. मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं.

‘गलती मेरी है,’ त्या म्हणाल्या. ‘सबका पेन से लिखा, इनका पेंसिल से। मैं डर गई थी कि लोग पूछेंगे। नौ साल से जानती हूँ कि यह एक घर है, और नौ साल मैंने उसे मिटाने लायक रखा। इसके लिए मैं इन दोनों से माफ़ी माँगती हूँ।’

आयुष्यभर सरकारी कागद बिनचूक ठेवणाऱ्या बाईंनी भरसभेत, हशा ऐकल्यावर, आमची माफी मागितली. माझ्या डोळ्यांसमोरचं सगळं धूसर झालं. फ्रान्सिसनं माझा हात धरला तो सर्वांदेखत, पहिल्यांदाच. आम्हां दोघांना एक कुटुंब मानायचा ठराव एकमतानं झाला असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. बरेच हात खालीच राहिले, आणि दोन शेजारी अजूनही लिफ्टमध्ये आमच्याकडे पाहत नाहीत. पण ठराव झाला. अध्यक्षांच्या परवानगीनं ताईंनी ती ओळ शाईनं लिहिली, खाली सही केली. ताईंचा मला अभिमान वाटतो तो त्या चुकल्या नाहीत म्हणून नव्हे. आपली चूक त्यांनी स्वतः, सगळ्यांसमोर दुरुस्त केली म्हणून वाटतो.

या लेखाचा कच्चा मसुदा मी ताईंना वाचून दाखवला. हा अंक दिल्लीतल्या मराठी घरांत जाणार, पुण्याला माझ्या काका-आत्यांकडेही जाणार, म्हणून मी त्यात फ्रान्सिसला ‘माझा मित्र’ म्हटलं होतं. ताईंनी ऐकता ऐकता हात वर करून मला थांबवलं.

‘श्रीपाद, मी पंच्याहत्तरीला आले. आता भित्र्या लोकांकडून सत्कार करून घ्यायचा नाही मला. घाबरून लिहायचं असेल तर लिहूच नकोस.’

म्हणून नीट लिहितो. मी आणि माझा जोडीदार फ्रान्सिस, आम्ही दोघं नवराबायकोच्या जोड्यांच्या रांगेत, त्यांच्याइतक्याच हक्कानं, निर्मलाताईंपुढे वाकतो. ताई, तुमचे गुडघे धड राहोत, दृष्टी तीक्ष्ण राहो आणि जीभ त्याहून तीक्ष्ण राहो. खूप वर्षं जगा. काका-आत्यांचे फोन येतील, तेव्हा तुम्ही आम्हांला हव्या आहात.