मेंदूचं मोफत संशोधन

भोपाळच्या सोनागिरी टाउनशिपच्या चौकातला फलक जयंतनं स्वतःच्या हातानं रंगवला होता आणि अक्षर सुरेख आलं होतं, एवढंच त्याच्या बाजूनं म्हणता येईल. 'पाली में काम करने वाले भाइयों के मस्तिष्क का निःशुल्क संशोधन. श्री प्रभाकर डहाके ने सबसे पहले नाम दिया है. आप भी आइए.' जयंत शिकला त्या हिंगणघाटच्या शाळेत संशोधन म्हणजे शोध घेणं. भोपाळच्या हिंदीत संशोधन म्हणजे चुकीची दुरुस्ती. दुपारपर्यंत साऱ्या टाउनशिपला कळलं, की डहाकेच्या डोक्यात बिघाड आहे आणि तो फुकटात नीट करून मिळणार आहे.

जयंत डॉक्टरांच्या एका तुकडीत मदतनीस होता. पाळ्या बदलणाऱ्या कामगारांच्या डोक्याला तारा लावायच्या, मेंदूचा आलेख काढायचा आणि झोपेचं गणित मांडायचं, असं ते काम. नाव द्यायला कुणी तयार नव्हतं. प्रभाकरकाकांनी दिलं, कारण जयंत त्यांच्याकडे जेवायला होता, आणि कारण त्यांना झोप येत नव्हती.

पुलगावहून आलेला हा माणूस क्रेन चालवायचा. कारखान्याच्या शेडमध्ये छतालगतच्या केबिनीत बसून ट्रकएवढे लोखंडी सांगाडे उचलायचा. खालून हातानं खुणा व्हायच्या, वरून हा त्या पाळायचा. ती सवय घरीही आली. आमटी हवी असली की बोट वर करून गोल फिरवायचं, पुरे म्हणायला तळवा आडवा. लग्नाच्या वेळी हे बोलत असत, असं रजनीकाकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

रात्रपाळी करून आले की काका डोळ्यांवर टॉवेल टाकून पडत आणि थोड्या वेळानं उठून नळाचा वायसर बदलत. तो चांगला असला तरी बदलत. अलीकडे दिवसपाळीतही तेच. शेजारचे म्हणत, डहाकेंचं घर गळत नाही, त्यांचंच काहीतरी ठिबकतंय.

फलक लागला आणि फोरमन चौकसेंनी त्यांना क्रेनवरून उतरवलं. काका शेडमध्ये नुसते फिरू लागले. वर दुसराच कुणी बसलेला, आणि येणारा-जाणारा विचारी, "क्यों डहाके, संशोधन हुआ?" घरी ते जेवताना उठत, गॅलरीत जात, परत येत. जयंतला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

जयंतनं फलकावर 'संशोधन' खोडून 'शोध' लिहिलं. ते कुणी वाचलं नाही. मग तो चौकसेंकडे गेला.

"देखो भैया," चौकसे म्हणाले, "सर के ऊपर दस टन लटकता है. जिसका दिमाग वर्कशॉप में पड़ा हो, उसके नीचे मैं खड़ा नहीं होता."

जयंतनं सगळ्यांसमोर त्यांनाच पहिलं आलेखाला बोलावलं. नाही म्हणावं तर घाबरले असं दिसेल, म्हणून चौकसे तारा लावून बसले आणि बसल्या बसल्या घोरायला लागले. दुसऱ्या दिवशी बाहेर रांग, आणि त्या रांगेत काकांचाही आलेख निघाला. कारखान्याच्या दवाखान्यानंही काकांचे डोळे, रक्तदाब तपासून हरकत नाही म्हटलं. काका पुन्हा वर चढले.

त्या दिवशी काकूंनी श्रीखंड केलं. काकांनी ते बाजूला सारलं.

"दवाखान्यात झोपेचं कुणी विचारलं नाही," ते म्हणाले. "मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर परत खाली. तुझ्या त्या आलेखात काय निघालं, ते तू सांग मला. मी बरा असेन तर बरा. नसेन तर… खाली माणसं असतात रे."

विचारून सांगतो, म्हणाला जयंत.

त्यानं विचारलंही. डॉक्टर म्हणाले, एकट्याचा आलेख काही बोलत नाही, दोनशे जणांचा मिळून बोलतो. झोपच येत नसेल, तर त्यांना मानसोपचाराच्या ओपीडीत पाठव. म्हणजे पुन्हा दवाखाना, पुन्हा टाउनशिप, पुन्हा चौकसे.

हे काकांना सांगायला जयंत त्याच संध्याकाळी निघाला आणि पलीकडच्या इंद्रपुरी वस्तीला वळसा घालून खोलीवर परतला. तेव्हापासून तो काका पाळीवर असताना जेवायला जातो. भाजी बिघडते का हल्ली, म्हणून काकू विचारतात. नाही म्हणतो आणि घाईनं हात धुतो. शेडकडून काही जड ठेवल्याचा आवाज आला, की त्याचा ओला हात तिथंच थांबतो. नीट ठेवलं असेल, असं मनाशी म्हणतो. उत्तर अजून दिलेलं नाही.