शुक्रवारच्या फोनआधीचा व्हिएन्ना

दोन हजारच्या आसपासची गोष्ट. आम्ही बर दुबईत, अल मनखूलला राहत होतो. मी एका काँट्रॅक्टिंग कंपनीत एस्टिमेटर होतो, बांधकामांच्या खर्चाचे अंदाज काढायचो. लेकीच्या शाळेला मार्चअखेर आठवडाभर सुट्टी असे आणि त्या सुट्टीत आम्ही दर वर्षी साताऱ्याला आईकडे जात असू. पाडवा घरी व्हायचा. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि यात कधी खंड पडला नव्हता.

त्या वर्षी जानेवारीत बायको एका ट्रॅव्हल एजन्सीच्या काचेसमोर थांबली. आत व्हिएन्नाचं पोस्टर होतं. ती म्हणाली, "अहो, आपण एकदा अशा ठिकाणी जाऊ या का, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही?"

"आणि करायचं काय तिथे?"

"काही नाही. उशिरा उठायचं. कॉफी प्यायची. दुसऱ्या दिवशी परत तेच."

तीन दिवस, बास. एवढंच तिचं मागणं होतं. मी उत्साहाने हो म्हणालो आणि दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून आलेखाचा कागद आणला. एका बाजूला तास, दुसऱ्या बाजूला ठिकाणं. राजवाडा, दोन म्युझियम, चर्च, नदी, पुन्हा राजवाड्याची बाग. बायकोने चहाचा कप त्यावरच ठेवला.

"हे साइटचं शेड्यूल आहे का हो? काँक्रीट कधी ओतायचं?"

"अगं, एवढं लांब जायचं तर..."

लेक सोफ्यावरून म्हणाली, "बाबा, इट्स अ हॉलिडे, नॉट अ टेंडर."

आम्ही खूप हसलो. महिनाभर घरात नुसतं व्हिएन्नाच होतं. थंडी किती असेल, लेकीचा कोट पुढच्या वर्षीही होईल का, थेपले न्यायचे की नाही. बायको न नेण्याच्या बाजूने होती. "तीन दिवस मी डबा उघडणार नाही," असं तिने जाहीरच केलं.

त्या काळी आम्हा कर्मचाऱ्यांचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असायचे. व्हिसासाठी मागायला गेलो तर ते सांभाळणारे मल्याळी गृहस्थ खुर्चीतून अर्धे उठले. "घर में सब ठीक है ना?" वार्षिक रजेशिवाय पासपोर्ट मागितला की गावाकडे कुणीतरी आजारी आहे, असं सगळे धरूनच चालायचे.

"सब ठीक. घूमने जा रहा हूँ. यूरोप."

"कितना दिन?"

"तीन."

त्यांनी पासपोर्ट माझ्या हातात दिला. "इतने में तो अम्मा को देख के आ जाता," ते म्हणाले. त्यांच्या मनात टोमणा नव्हता, पण मला तो लागला.

कारण आईला मी सांगितलं होतं की या वर्षी रजा मिळत नाही. दर शुक्रवारी सकाळी मी तिला फोन करायचो. शुक्रवारी दर कमी असत आणि आमची सुट्टीही असे. अशाच एका शुक्रवारी मी बोलून गेलो, "साइटवर फार काम आहे, आई. साहेब सोडत नाही." ती लगेच म्हणाली, "बरं, असू दे. कामं आधी. गुढी उभारायला शेजाऱ्यांना सांगेन." तिने जरा कुरकुर केली असती तर मला बरं वाटलं असतं.

बायकोला हे ठाऊक नव्हतं. तिकिटं हातात आली, गुरुवारी रात्री निघायचं ठरलं, तेव्हा तिने विचारलं, "शुक्रवारी आपण तिथे असू. आईंना फोन कुठून करणार?"

मी तिकिटं पुन्हा पाकिटात घालू लागलो. तिला समजायला फार वेळ लागला नाही.

"तुम्ही त्यांना सांगितलंच नाहीये?"

"साहेब सोडत नाही म्हणालो."

"मग साहेबच जाऊ देत व्हिएन्नाला. आईंशी खोटं बोलून मला कुठेही जायचं नाही." ती आत निघून गेली. लेकीने माझ्याकडे पाहिलं. "यू शुड कॉल हर, बाबा."

निघायच्या आधीच्या शुक्रवारी मी फोन लावला. बायको समोर बसली होती. प्रकृतीची चौकशी झाली, पाण्याची झाली, आणि मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं. रजा मिळाली आहे, आम्ही युरोपला जातोय, मी खोटं बोललो.

 लाइनवर खरखर होत होती.

"खोटं कशाला बोललास?" आई म्हणाली. "मी काय मास्तरीण आहे?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलंच की आता. आधी एकदाच वाटलं असतं." मग तिने विचारलं, "काय आहे तिथे?"

"काही विशेष नाही. तिला नुसतं बसायचंय. आराम."

"मग जा. बसू दे तिला. इथे आली की ती कधी बसते? आल्या दिवसापासून पोळ्या लाटते, येणाऱ्याजाणाऱ्याचा चहा करते. मी म्हणते राहू दे, तर ऐकत नाही. आणि तू पेपर वाचत असतोस. दे तिला फोन."

मी रिसीव्हर बायकोकडे दिला. त्या दोघी बराच वेळ बोलल्या. मध्ये बायको हसली, मध्ये तिने पदराने डोळे पुसले, मग पायमोजे कसले घ्यायचे यावर चर्चा झाली. मी तिथेच उभा होतो. आईला फसवल्याची बोच होतीच, पण आता दुसरीच जास्त टोचत होती. पंधरा पाडवे मी त्याच घरात, त्याच खुर्चीत होतो आणि जे आईला दिसलं ते मला एकदाही दिसलं नव्हतं.

फोन ठेवून बायको म्हणाली, "मे महिन्यात तुम्हाला एकट्याला पाठव म्हणाल्या. आठ दिवस. पोळ्या शिकवणार आहेत तुम्हाला."

"आणि व्हिएन्ना?"

"जायचंय की," ती म्हणाली आणि कपाटावरून बॅग काढायला स्टूल ओढू लागली. मी तिच्या हातातून स्टूल घेतलं. ती पलंगावर टेकली आणि कुठले कपडे भरायचे ते मला बसल्याबसल्या सांगू लागली.