एक बोंडलं कॉफी

गोविंदशेठ वजनकाट्यावर आडवे झाले, तेव्हा गर्दीतून पहिला प्रश्न आला तो असा : "वजन किती भरलं?"

मी खाली बसून त्यांचं मनगट धरलं. नाडी इतकी पळत होती की बोटाखाली ठरत नव्हती. चेहरा पांढराफटक. कपाळावरचा घाम ओघळून कानात जात होता. हात गार. पोट धरून ते नुसते "आई गं, आई गं" करत होते. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी हातात चांदीचं बोंडलं घेऊन तशाच उभ्या होत्या. तान्ह्या बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं असतं ना, ते बोंडलं. त्याच्या चोचीतून कॉफी टपकत होती.

"पाणी आणा!" कोणीतरी ओरडलं. "साखर घालून आणा!"

"कोणी काही आणायचं नाही," मी म्हटलं. "मागे सरका."

हे सगळं भरदिवसा, भांडी बाजारात, शेठच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर चाललं होतं. ऐंशी साल उलटून गेलं होतं. मी नाशकातल्या एका खासगी हॉस्पिटलात आया होते. पेशंटला उठवायचं, बसवायचं, पुसायचं, भरवायचं, भांडं द्यायचं. इंजेक्शन सिस्टरचं, ऑपरेशन डॉक्टरांचं, उरलेलं सगळं आमचं. शेठना कूस बदलायला दोन आया लागायच्या. मी अंगाने दणकट, म्हणून माझी एकटीची स्पेशल ड्यूटी लावली होती.

शेठ फार जाड होते. हॉस्पिटलच्या काट्याची सुई शेवटच्या आकड्यावर जाऊन आपटायची आणि तिथेच थरथरत राहायची. गुडघे गेलेले, झोपेत श्वास अडकायचा. शेवटी मुंबईला परदेशातून शिकून आलेल्या एका सर्जनने त्यांचं पोट लहान करायचं ऑपरेशन केलं आणि पुढच्या देखरेखीसाठी आमच्याकडे पाठवलं. असं ऑपरेशन नाशकात कोणी ऐकलंही नव्हतं. लोकांना वाटायचं, चरबी कापून काढली. शेठच्या शेजारच्या दुकानाचे बाबूशेठ मला विचारायचे, "मावशी, काढलेली चरबी टाकली कुठं हो?"

आमच्या डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. पोट म्हणजे पिशवी. तिचा वरचा लहानसा तुकडा वेगळा शिवायचा आणि खालचं आतडं वर आणून त्याला जोडायचं. मग माणसाचं चार घासांत पोट भरतं. पण गोड खाल्लं की ते पोटात थांबत नाही, सरळ आतड्यात पडतं. आतडं अंगातलं पाणी ओढून घेतं, छाती धडधडते, घाम फुटतो, माणूस चक्कर येऊन पडतो. त्याहून वाईट म्हणजे, त्या लहान पिशवीत भसाभस ओतलं तर टाके उसवू शकतात. आतले टाके उसवले तर माणूस हाती लागत नाही.

हेच डॉक्टर शेठना सांगायला गेले. म्हणाले, "तुमचं पोट आता वाटीएवढं आहे."

शेठ पिढ्यान्‌पिढ्या भांड्यांच्या धंद्यातले. त्यांनी विचारलं, "कितव्या नंबरची वाटी?"

"म्हणजे?"

"वाट्या नंबरावर असतात, डॉक्टर. आमटीची वेगळी, श्रीखंडाची वेगळी, चटणीची वेगळी."

"चटणीची," डॉक्टर म्हणाले.

शेठ भिंतीकडे तोंड करून झोपले.

भाकरी, भात, आमटी, कशाचीही आठवण त्यांनी काढली नाही. कॉफीची मात्र काढली. म्हशीचं दूध, भरपूर साखर, वरून जायफळ, अशी कॉफी ते ऑपरेशनआधी पितळी पेल्याने प्यायचे. ऑपरेशननंतर ती बंद झाली. काही दिवस त्यांनी मागून पाहिली. मग रुसले. पेज परत, ताक परत, फळाचा रस परत. मी चमचा पुढे केला की ओठ मिटून घ्यायचे. एवढा मोठा माणूस, पण दात न आलेल्या पोरासारखा.

डॉक्टर वैतागले. "मावशी, हा माणूस ऑपरेशनने नाही, हट्टाने मरेल. द्या थोडी कॉफी. दूध नावाला, साखर अजिबात नाही. अगदी थोडी."

"थोडी म्हणजे केवढी?" सुमनवहिनींनी विचारलं. दुकानातून नमुन्याच्या वाट्या आल्या. पलंगावर ओळीने मांडल्या. डॉक्टर प्रत्येक वाटीला म्हणायचे, "याहून लहान."

शेवटी वहिनी चिडल्या. "याहून लहान आता बाळाचं बोंडलं!"

"तेच," डॉक्टर म्हणाले. "दिवसाला एक बोंडलं. या खेपेचं वजन करून आलात की इथे खोलीत सुरू करा."

वजन करायला शेठना दर आठवड्याला त्यांच्याच दुकानात न्यावं लागायचं. तिथे मोड तोलायचा मोठा काटा होता. मोड म्हणजे फुटकी-तुटकी जुनी तांब्यापितळेची भांडी. लोक ती देऊन नवी घेतात. काट्यावरची मोड उतरवायची, शेठना चढवायचं. त्या वेळेला आजूबाजूचे सगळे दुकानदार आपली गादी सोडून यायचे. वजन उतरलं की टाळ्या. एकदा तेवढंच भरलं, तर बाबूशेठनी काट्यालाच शिव्या घातल्या.

त्या दिवशी मी शेठना गादीवर टेकवलं आणि पाहते तर वहिनींनी घरून कॉफीची किटली आणलेली. जायफळाचा वास सगळ्या दुकानात.

"वहिनी, खोलीत पाजायचं ठरलं होतं."

"पहिली कॉफी माणसाने आपल्या गादीवर बसून प्यावी, मावशी."

"साखर घातलीत?"

"एवढ्या दुखण्यातून उठलेल्या माणसाचं तोंड कडू करू?"

मी किटलीला हात घातला. त्यांनी ती पदराआड घेतली आणि पहिलं बोंडलं पाजलं. शेठनी डोळे मिटले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथे थांबले असते तर कदाचित निभावलंही असतं. पण बाबूशेठ पुढे आले. "माझ्या हातचं एक घ्यायचंच. मी वणीच्या देवीला नवस बोललोय."

"डॉक्टर एकच म्हणालेत," मी म्हटलं.

"मग मी कुठं दोन देतोय?"

लग्नात जावयाला घास भरवायला रांग लागते, तशी रांग लागली. मी म्हटलं, बास करा. कोणी ऐकेना. नातं जवळचं, दुकान जवळचं, एकाला मान दिला तर दुसऱ्याला नाही कसा द्यायचा? शेठना म्हटलं, तुम्ही तरी नाही म्हणा. त्यांनी फक्त तोंड उघडलं. मग मी गल्ल्याजवळच्या फोनवरून हॉस्पिटलला फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर ऑपरेशन थिएटरात आहेत."

"बाहेर काढा," मी म्हटलं.

तेवढ्यात शेठ उठले, वजन करून घेऊ म्हणाले, काट्यावर चढले आणि आडवे झाले.

मी त्यांचं डोकं खाली ठेवलं, पायाखाली पोती सरकवली. लोक मदतीला धावले, ती मदत आवरणं हेच माझं खरं काम होऊन बसलं. एकाने फोडलेला कांदा आणला. एकाने फिट समजून नाकाला चप्पल लावली. ती मी घेऊन रस्त्यात फेकली. बाबूशेठ लोटाभर साखरपाणी घेऊन आले. "जुलाबात देतात की!"

"यांना जुलाब झालेत का?"

"झाले तर?"

मी शेठच्या तोंडावर पंजा धरून बसले. जो जवळ येईल त्याला दुसऱ्या हाताने ढकललं. दोघे-तिघे हंड्यांवर जाऊन पडले.

डॉक्टर आले ते चालत. हातगाड्यांमुळे स्कूटर बोळाच्या तोंडाशीच राहिली होती. त्यांनी आधी शेठचं पोट दाबून पाहिलं. पोट फळीसारखं कडक लागलं तर टाके गेले, हे मला माहीत होतं. मी पोटाकडे न बघता डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी पोटावरचा हात न उचलता विचारलं :

"किती पाजली?"

"एकच बोंडलं," वहिनी म्हणाल्या.

"मीही एकच," बाबूशेठ म्हणाले.

डॉक्टरांनी वर पाहिलं. "ज्यांनी एकच पाजलं त्यांनी हात वर करा."

सगळं दुकान हात वर करून उभं राहिलं. त्यात धोतर-टोपीतला एक अनोळखी माणूस होता.

"तुम्ही कोण?"

"मी नांदगावचा. हंडा घ्यायला आलतो. ही लोकं म्हणली, तुम्हीबी पाजा. नाय कसं म्हणायचं?"

डॉक्टर काट्याच्या कडेला टेकले. मग म्हणाले, "पोट अजून मऊ आहे. पण आज दिवसभर मी काही सांगू शकत नाही. उचला."

अँब्युलन्स बोळात येईना. तांब्याची घंगाळी लादलेली एक हातगाडी रिकामी केली, तीवर शेठना घातलं. ढकलायलाही तीच रांग. मी ओरडले, "एकेकाने नाही, सगळ्यांनी मिळून!" तेव्हा कुठे गाडी हलली.

हॉस्पिटलात सलाइन लावली, फोटो काढले. डॉक्टर दर थोड्या वेळाने येऊन पोट दाबायचे. वहिनी बाहेर बाकावर बसून होत्या. रडत नव्हत्या. बोंडलं पदराने पुसत होत्या, पुन्हा पुन्हा. मला म्हणाल्या, "मावशी, मीच पहिलं पाजलं." पाजलं होतंच.

दुपार कलताना नाडी बोटाखाली ठरायला लागली. घाम थांबला. पोट मऊच राहिलं. टाके टिकले होते. शेठनी डोळे उघडले आणि विचारलं, "वजन किती भरलं?"

दारातून बाबूशेठ म्हणाले, "मागच्या खेपेपेक्षा कमी."

"कॉफी वजा करून?"

डॉक्टर खोलीबाहेर निघून गेले.

काही दिवसांनी कॉफी पुन्हा सुरू झाली. बिनसाखरेची, एक बोंडलं, खोलीत, आणि दाराला आतून कडी. मी पाजली. शेठनी तोंड वेडंवाकडं केलं. "ही काय कॉफी आहे?" म्हणाले, आणि चोच चाटून पुसून संपवली.

पुढे कितीतरी पेशंटच्या घरच्यांनी मला विचारलं, याला अमुक किती द्यायचं? मी आधी विचारायचे, देणारे किती जण आहात?

त्या दिवशी ज्यांनी हात वर केले त्यांतले बरेच आता नाहीत. बाबूशेठ गेले, सुमनवहिनी गेल्या. डॉक्टरही गेले. नांदगावच्या माणसाचं मला माहीत नाही. गोविंदशेठ आहेत.