नावावर जमा झालेला प्रवास

चेरीताल मोहल्ल्यातल्या हेमलता राऊत बाईंच्या फोनवर पहिला संदेश आला तेव्हा त्या गॅसवर दूध ठेवून उभ्या होत्या. एका विमान कंपनीने त्यांचं अभिनंदन केलं होतं. दिल्ली ते फ्रँकफर्ट, बिझनेस क्लासचा आपला प्रवास सुखाचा झाला असेल अशी आशा आहे, त्या प्रवासाचे माइल्स आपल्या खात्यात जमा केले आहेत. बाईंनी ते दोनदा वाचलं. दूध उतू गेलं.

त्या आयुष्यात एकदाच विमानात बसल्या होत्या, मनीषाच्या बाळंतपणाला सिडनीला जाताना, तेही सगळ्यात मागच्या रांगेत. जाताना ह्याच कंपनीचं सभासदत्व लेकीनेच काढून दिलं होतं; प्रवास केला की माइल्स नावाचे गुण जमा होतात, त्यांवर पुढचं तिकीट मिळतं, असं तिने सांगितलं होतं. बाईंनी तिला फोन लावला.

"आई, काही नसतं ते. डिलीट कर," मनीषा म्हणाली. "लिंक मात्र दाबू नको."

बाईंनी डिलीट केलं. आठ-दहा दिवसांनी परतीचा संदेश आला. मग पुन्हा जाण्याचा. महिनाभरात फ्रँकफर्टच्या दोन वाऱ्या हेमलता राऊत यांच्या नावावर जमा झाल्या, आणि एका दुपारी कुरिअरवाला पाकीट देऊन गेला. आत सोनेरी कार्ड होतं. त्यावर इंग्रजीत उठावदार अक्षरांत त्यांचं नाव होतं.

फोनमधलं पुसता येतं. हातात आलेल्या वस्तूचं काय करायचं? बाईंनी कपाट उघडून पासपोर्ट पाहिला. होता. तरी मनात आलं, दुसरा कुणी बनवला असेल तर? आपल्या नावाने कोण बाई परदेशी जाते, कुणाला भेटते, काय नेते-आणते, कुणास ठाऊक. उद्या कुणी दारात उभं राहिलं तर कसं सांगायचं, की ती मी नव्हे?

ही भीती दुसऱ्या कुणाला हास्यास्पद वाटली असती. पण बाईंची सगळी नोकरी संरक्षण खात्याच्या कारखान्यात झाली होती. रोज गेटवर पास दाखवायचा, डबा उघडून दाखवायचा, आतलं बाहेर बोलायचं नाही. नोकरीला लागून थोडीच वर्षं झाली होती तेव्हा त्यांच्या शेजारी बसणाऱ्या अंजनीला परदेशातून पत्रं येतात अशी कुणीतरी कागाळी केली. पत्रं तिच्या मावसभावाची होती. तरी चौकशी लागली, आणि साक्षीला म्हणून हेमलताबाईंनाही बोलावलं. बंद खोलीत दिवसभर तेच तेच प्रश्न. ती तुमच्याशी काय बोलायची? तुम्हाला कुणी परदेशी भेटतं का? बाईंच्या तोंडाला कोरड पडली होती आणि पाणी मागायचीही हिंमत झाली नव्हती. अंजनी निर्दोष ठरली, पण तिची बदली झाली, आणि पुढे तिच्याशी कुणी बोलेना. हेमलताबाईसुद्धा बोलल्या नाहीत. तेव्हापासून परदेश हा शब्द ऐकला की त्यांना ती बंद खोली आठवायची.

आता त्या दिवसाही कडी लावून बसू लागल्या. फोन वाजला की आधी देवाकडे बघायच्या, मग फोनकडे. शेजारच्या बेबीताई भाजीला बोलवायला आल्या, तर दारातूनच "आज नको" म्हणाल्या.

"काहून? बरं नाही वाटून राहिलं का?"

"बरी आहे मी."

"तोंड पाहा आरशात. म्हणे बरी आहे!"

एका सकाळी बेल वाजली आणि दारात खाकी वर्दी दिसली. बाईंनी चौकट धरली. शिपायाने "माताजी, पासपोर्ट के बारे में..." एवढंच म्हटलं, आणि बाई बोलायलाच लागल्या, "मैं कहीं नहीं गई भैया! जर्मनी तो मैंने देखा भी नहीं! पूछ लो मोहल्ले में, मैं यहीं थी!"

शिपायाने हातातला कागद पुढे केला. तो बेबीताईंच्या नातवाच्या पासपोर्टची चौकशी करायला आला होता, आणि शेजारी म्हणून त्याला बाईंची सही हवी होती. बाईंनी सही केली. ती त्यांची त्यांनाच ओळखू येईना. शिपाई जाताना वळून म्हणाला, "तबीयत ठीक है ना, माताजी?"

हे सगळं बेबीताईंनी ऐकलं होतं. त्या आत आल्या, दार लावलं, आणि बाईंना समोर बसवून सगळं बोलतं केलं. मग म्हणाल्या, "चला उठा. ज्यानं तुमचं सिडनीचं तिकीट काढलं होतं त्यालाच विचारू."

शहरातल्याच गोरखपूर भागातल्या बाजारात, साड्यांच्या दुकानाच्या वर, रत्नाकर ठवकरचं तिकिटांचं ऑफिस होतं. त्याने बाईंचं खातं संगणकावर उघडलं. बाई खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या; पदराचं टोक त्यांनी बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं, की बोट पांढरं पडलं होतं.

"काकू, हे अक्षर पाहा," रत्नाकर म्हणाला. "जे. प्रत्येक तिकिटाला असं एक अक्षर असते. बिझनेस क्लासमधी सगळे सारखे नसतात जी. सवलतीत घेतलं तर माइल्स कमी. पुऱ्या भाड्याचं, पाहिजे तेव्हा बदलता येणारं घेतलं तर सगळ्यात जास्त. आणि साधं तिकीट घेऊन गेला, अन् काउंटरवाल्यानं मेहरबानी करून पुढं बसवला, तर माइल्स साध्याचेच."

"मग हे कोण?"

"पुऱ्या भाड्याचं तिकीट आहे. म्हणजे कोणत्या तरी कंपनीनं आपल्या माणसाला पाठवलं असन. नाव तुमचंच, तिकिटात सभासद नंबर चुकून तुमचा पडला. नाव जुळलं, नंबर जुळला, मशीननं जमा केलं. तुमचे माइल्स चोरून कोणी तिकीट काढलं असतं ना, तर खात्यातून कमी झाले असते. अन् तसल्या तिकिटावर नवा एकही माइल भेटत नाही. चोर घेऊन जाते काकू, ठेवून नाही जात."

बाईंच्या छातीवरचं ओझं थोडं सरकलं, पण गेलं नाही.

"एक सांगू?" रत्नाकर हसला. "चूप राहा. असंच चालू राहिलं तर मनीषादीदीकडं फुकटात जाऊन याल."

नातीचा चेहरा बाईंच्या डोळ्यांसमोर आला. क्षणभरच. मग त्या एकदम उभ्या राहिल्या. "नाही रे बाबा! माझ्या नावावरून काढ ते सगळं. आत्ता, माझ्यासमोर लिही."

त्याने कंपनीला लिहिलं. बाईंनी आपला फोन नंबर दोनदा तपासून घातला. दुसरी बाई सापडली तर कंपनीने तो तिला द्यावा, म्हणजे हे कसं झालं ते तिलाच विचारता येईल.

पुढच्या आठवड्यात नागपूरहून फोन आला. "मी हेमलता राऊत बोलते," पलीकडून आवाज आला. आपलंच नाव परक्या आवाजात ऐकून बाई खुर्चीत बसल्या.

ती इस्पितळांत तपासणीची मोठी यंत्रं बसवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होती. प्रशिक्षणासाठी तिला जर्मनीला जावं लागत होतं. तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी तिकीटवाल्याच्या यादीत नाव शोधून भलत्याच हेमलता राऊतचा सभासद नंबर तिकिटात घातला होता. "माफ करा काकू. तुम्हाला फार त्रास झाला असेल."

"त्रास नाही हो," बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडूच फुटलं. "मी भ्याले. लय भ्याले."

पलीकडून ती म्हणाली, "मी पण भिते काकू. विमानात. रुंद खुर्ची देतात, आडवं झोपता येतं, पण विमान हललं की मला श्वास घेता येत नाही. ऑफिसात सांगितलं तर पाठवणार नाहीत. म्हणून कोणाला सांगितलं नाही."

त्या दोघी तासभर बोलल्या. अंजनीची गोष्ट बाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितली. आपण तिच्याशी बोलणं टाकलं होतं, तेसुद्धा.

माइल्स खात्यातून गेले. सोनेरी कार्ड कात्रीने कापून बाईंनी कचऱ्यात टाकलं. नागपूरच्या हेमलताचे फोन मात्र येत राहिले. विमानात शिरली की ती म्हणायची, "काकू, बसले." बाई म्हणायच्या, "बस. मी आहे इथं." उतरली की दोन शब्दांचा संदेश यायचा.

पौषात एकदा दिल्लीवर दाट धुकं पडलं आणि तो संदेश आलाच नाही. सकाळ गेली, जेवणवेळ गेली. बाई अंगणात खुर्ची टाकून फोन मांडीवर घेऊन बसल्या. बेबीताई येऊन शेजारी बसल्या आणि मटार सोलू लागल्या. उन्हं कलली तेव्हा फोन थरथरला. विमान जयपूरला उतरवलं होतं, आणि मधल्या वेळात तिचा फोन बंद पडला होता.

बाईंनी बेबीताईंच्या पुढ्यातली परात आपल्याकडे ओढली आणि मटार सोलायला घेतले. पहिल्या काही शेंगा त्यांच्या हातून नीट उघडेनात.