बोलीवर चढलेला संसार

आमच्या चर्चमध्ये धान घरात आलं की एका रविवारी आभाराचा सण असतो. हिंदीवाले त्याला फसल का पर्व म्हणतात, आम्ही मराठीवाले कापणीचा सण म्हणतो, आणि दोघंही एकाच पंगतीत बसून एकाच वरणाला नावं ठेवतो. ज्याच्याकडं जे पिकलं ते त्यानं वेदीपुढच्या टेबलावर आणून ठेवायचं. धानाची पेंढी, भोपळा, अंडी, पाय बांधलेला कोंबडा. उपासना झाली की अंगणात त्या सगळ्याची बोली लागते. नियम एकच, पण पक्का. टेबलावर ठेवलेली वस्तू देवाची झाली. ठेवणाऱ्यालाच ती परत हवी असेल, तर त्यानंही चारचौघांत बोली बोलून घ्यायची. हा नियम आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं आमचं घर त्यातच अडकलं.

मी सगळी नोकरी भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत केली. तिथं ओरडल्याशिवाय कुणाला ऐकू जात नाही, आणि ती सवय रिटायर झाल्यावर माझ्यासोबत बालाघाटच्या घरी आली. बायको लांजीकडच्या खेड्यातली. मी जितका तापट, तितकी ती थंड. तिचा सगळा जीव घरात. चिंचेनं घासलेली पितळी भांडी फळीवर ओळीनं उभी असत, आणि कुणी पाहुणी त्यांच्याकडं जरा जास्त वेळ पाहत राहिली की ही लगेच म्हणे, "नजर नोको लावू वं माह्या संसाराले." घरामागच्या वाडीत वाल, दोडके, भेंडी. तिची प्रार्थनासुद्धा चुलीपुढंच चालायची. एक वरणाला उकळी येईपर्यंत, दुसरी भात मुरेपर्यंत. मी चिडवायचो, "तुह्या देवाले रोज भाताचा वास येत असन." ती म्हणायची, "येऊ द्या ना जी. त्यालेबी भूक लागतच असन."

आमचे जुने पाळक विदर्भातले होते. ते अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत बोलायचे आणि मधेच कुणाच्या तरी म्हशीची चौकशी करायचे. ते गेले आणि जबलपूरकडून एक तरुण पास्टर आले. माणूस सोन्यासारखा, पण हिंदी एकदम शुद्ध. बाजारातल्या हिंदीवर वाढलेले आम्ही लोक माना हलवायचो आणि अर्थ आपापल्या घरी जाऊन लावायचो.

एका रविवारी त्यांनी फार कळकळीनं सांगितलं, "संसार से मन हटाओ! जितना संसार को पकड़ोगे, प्रभु का हाथ उतना छूटेगा." मला ते पटलं. मनात म्हटलं, बरं झालं, आता तरी पोरं मोटरसायकलींचा तोरा कमी करतील. शेजारच्या बाकावर बायकांच्या बाजूला माझी बायको बसली होती. तिचा चेहरा उतरला होता, पण उन्हाळ्याचे दिवस, उकडत असेल असं मला वाटलं.

त्यानंतर घरात काहीतरी बिघडलं. आधी लोणचं घातलं नाही. मग पावसाळ्यात वाडीत एक बी टोचलं नाही. भांडी काळवंडली. ही सकाळी चर्च झाडायला जायची, दुपारी महिला सभेला, संध्याकाळी कुणाच्या तरी घरच्या प्रार्थनेला. बुधवारी उपास, शुक्रवारी उपास. मला रोज खिचडी. एक दिवस माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"अति तिथं माती वं! देव का चर्चच्या झाडूतच राह्यते काय?"

ती शांतपणे म्हणाली, "संसारात मन नाई लावाचं आता. देवानं सांगतलं हाय."

मला वाटलं, हे महिला मंडळातलं काहीतरी खूळ आहे. मी दार आपटून बाहेर निघून गेलो.

पुढच्या साक्षीच्या सभेत, जिथं ज्यानं त्यानं आपला देवाचा अनुभव सांगायचा असतो, ती उभी राहिली आणि तिच्या त्या मोडक्या हिंदीत बोलली, "मैंने संसार में से मन काढ लिया." सगळे म्हणाले, आमेन. पास्टरसाहेबांचे डोळे भरून आले. दोन बायकांनी तिला मिठी मारली. आणि घरी आल्यावर ही बाई भिंतीकडं तोंड करून रडत बसली. मी घाबरलो. विचारलं, "काहून रडून राह्यली वं? सगळ्यायनं तर वाहवा केली तुही."

"लय जड जाते जी," एवढंच ती म्हणाली.

तेव्हाच आमच्या मुलीचा फोन आला. एकुलती एक मुलगी, तिरोडीला दिलेली. पहिलं पोट, सातवा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे आमच्याकडं कुणी विचारत नाही, ते ठरलेलंच असतं. त्यात तिला सासू नाही. घरात जावई आणि सासरे, दोन पुरुष. तिनं विचारलं, "आई, न्यायले कधी येतं?"

बायकोनं फोन कानाला घट्ट धरला. मग म्हणाली, "तिथंच राह्य ना बाई. तिथंच दवाखाना हाय ना."

पलीकडून पोरीचा हुंदका मला लांबून ऐकू आला. मी फोन हिसकावला, "मी येतो न्यायले!" असं ओरडलो. पोरगी म्हणाली, "बाबा, आईनं बोलावलं तर येईन. तिच्या मनात नसन तर काहून येऊ?" आणि फोन ठेवला. खाणीत दगड कोसळताना पाहिले आहेत मी, पण इतका कधी भ्यालो नव्हतो. पोरीचं बाळंतपण आईवाचून होणार, आणि का, ते मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर हिनं माळ्यावरून सागवानी पाळणा काढला होता. त्यात आमची पोरगी वाढली. ही त्याच्या दांड्या तेलानं पुसत होती आणि पुसता पुसता गुणगुणत होती. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आली ठिकाणावर. मी मुद्दामच काही बोललो नाही, कारण माझं तोंड उघडलं की चांगलं काम बिघडतं हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे.

कापणीच्या सणाला मी बाक लावायला सकाळीच चर्चला गेलो. उपासना सुरू झाली, लोक आपापलं आणून टेबलावर ठेवायला लागले. आणि दारातून माझी बायको आली, मागं ई-रिक्षावाला. त्याच्या हातात आमचा पितळी हंडा, गुंड, परात, माहेरून आणलेली कढई. दुसऱ्या फेरीत पाळणा. तिनं एकेक वस्तू टेबलावर लावली, पदर सारखा केला आणि हात जोडून उभी राहिली.

मी बाकावरून उठलो, पण माझ्याआधी पास्टरसाहेब खाली उतरून आले.

"आंटीजी, ये झूला? आपकी तो बेटी को बच्चा होने वाला है. ये तो घर में लगेगा ना?"

"आपनेईच तो बोले थे," ती म्हणाली. "संसार छोड़ना है करके. मन तो मैंने काढ लिया. सामान बाकी था."

"कौन सा संसार, आंटीजी?"

तिनं हंड्याकडं पाहिलं, पाळण्याकडं पाहिलं, मग लांबून माझ्याकडं पाहिलं.

"मेरे पास तो येईच है," ती म्हणाली.

मग मागच्या बाकावरून एक म्हातारी मराठीत ओरडली, "अगं माय माय माय! इनं घरसंसार सोडला!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हिंदीत संसार म्हणजे दुनिया, हे मला माहीत होतं. मराठीत संसार म्हणजे नवरा, पोरं, चूल, भांडी, हे तर तान्ह्या पोरालाही माहीत. पण माझ्या डोक्यात हिंदीचं दार वेगळं आणि मराठीचं वेगळं, दोन्ही शब्द कधी समोरासमोर आलेच नव्हते. तिच्या घराला मात्र एकच दार. देवानं तुझी भांडी सोड, नवरा सोड, पोरगी सोड म्हटलं, असं समजून ही बाई सहा महिने आतल्या आत झुरली, आणि आम्ही तिला आमेन म्हटलं.

पास्टरसाहेबांनी दोन्ही कान पकडले. वेदीच्या पायरीवरच बसले. "आंटीजी, संसार मतलब दुनिया. लालच, दिखावा, घमंड. घर नहीं! घर तो प्रभु का दिया हुआ है."

तिचा विश्वास बसेना. "म्हंजे भांडे चालते?"

"चलेंगे, आंटीजी."

"अन् पोरगी?"

पास्टरसाहेबांनी मान डोलावली, आणि ती तिथंच खाली बसून मोठ्यानं रडायला लागली. यावेळचं रडणं वेगळं होतं. ते ऐकून मलाच हलकं वाटलं.

पण नियम तो नियम. टेबलावर आलेली वस्तू देवाची. आमच्याकडं बोली लावतात एक रिटायर नर्स, आम्ही त्यांना सिस्टरबाई म्हणतो. जीभ अशी की इंजेक्शन परवडलं. आणि माझी चिकट म्हणून ख्याती. आदल्या वर्षी मी आणलेला भोपळा मलाच परत हवा होता, तर भरवेलीच्या कॉलनीतल्या पोरांनी बोली चढवून चढवून मला घाम फोडला होता. म्हटलं, आज तर माझं कातडंच सोलणार हे.

उपासनेनंतर अंगणात सिस्टरबाईंनी हंडा उचलला. मी घशातल्या घशात एक बोली बोललो. पोरांकडं पाहिलं. सगळी पोरं आभाळाकडं पाहत होती.

"एक-दोन-तीन, झालं, उचला!" सिस्टरबाई एका दमात म्हणाल्या. गुंड, परात, कढई, सगळं तसंच. कुणाच्या तोंडून एक शब्द नाही. नेहमी माझी फजिती करायला टपलेली ती माणसं तोंडं मिटून उभी होती, आणि मला त्या प्रत्येकाचे पाय धरावेसे वाटत होते.

शेवटी पाळणा. मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. आयुष्यभर ओरडलेला माणूस मी, त्या एका शब्दासाठी मुका झालो. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून ही पुढं आली. पदराची गाठ सोडली, त्यात होतं नव्हतं ते सिस्टरबाईंच्या हातावर ठेवलं.

"मले पाह्यजे," ती म्हणाली. "हा मले पाह्यजे."

सिस्टरबाईंनी एक-दोन-तीन म्हटलंच नाही. त्या डोळे पुसत होत्या.

फोन तिनं अंगणातूनच लावला. "काहून वं, अजून तिथंच बसली? बाबाले धाडून राह्यली, सामान बांध," असं तिनं पोरीला दरडावलं, जणू उशीर पोरीनंच केला होता.

आता वाडीत वाल आहे. ही चर्चला जाते, पण भात मुरल्यावर. बुधवारचा उपास तिनं ठेवला आहे आणि शुक्रवारचा सोडला, "देवाले एक पुरते," म्हणते. पास्टरसाहेब मोठ्या मनाचे. अवघड शब्द आला की उपदेश थांबवून बायकांच्या बाजूला पाहतात, "आंटीजी, इसमें कोई गड़बड़ तो नहीं?" सगळं चर्च हसतं, आणि मला त्या हसण्याचा फार आधार वाटतो. देवाचे आभार मी आधीही मानायचो, जेवणाआधी, सवयीनं. आता मानतो तेव्हा माझ्यासमोर ती गप्प उभी माणसं येतात.

परवा पास्टरसाहेब घरी आले. चिंचेनं घासलेल्या भांड्यांकडं पाहिलं, चहाचा कप हातात घेतला आणि मोठ्यानं, मुद्दाम मराठीत विचारलं, "काय आंटीजी, कसा आहे तुमचा संसार?"

बायकोनं पाळण्याची दोरी न सोडता ओठांवर बोट ठेवलं.

"आत्ताच निजला जी. हळू बोला."